रिफंड खात्यात आला, मागोमाग पोलिसांचे पत्र

इंदूरच्या आमच्या शाखेत एका सोमवारी एक काकू आल्या. पोळीभाजीचे डबे करून देतात. अकरा वर्षांपासून आमच्याकडे बचत खाते, दरमहा 1,500 रुपयांची आवर्ती ठेव. एटीएममधून पैसे निघत नव्हते आणि ठेवीचा हप्ताही गेला नव्हता. कार्ड खराब झाले असावे अशी त्यांची समजूत होती. मी खाते पाहिले, तर दुसऱ्या राज्यातील एका सायबर पोलीस ठाण्याच्या पत्रावरून ते गोठवलेले होते.

खाते उतारा काढला. दीड महिन्यात एकाच ऑनलाइन विक्री कंपनीकडून सात रिफंड, मिळून 61,300 रुपये. प्रत्येक वेळी दुसऱ्याच दिवशी त्यातील बहुतेक रक्कम यूपीआयने एका तरुणाच्या खात्यात गेलेली. काकूंनी त्या कंपनीकडून कधी साधी चमचाही मागवला नव्हता. संध्याकाळी त्या मुलाला घेऊन परत आल्या. मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा. मित्राने त्याला सांगितले होते की माझ्या खात्याची केवायसी अडकली आहे, रिफंड तुझ्या घरच्या खात्यावर घेतो, दर वेळी पाचशे रुपये तुझे. आईचे यूपीआय मुलाच्याच फोनवर होते.

"मॅडम, पैसे तर कंपनीनेच पाठवले ना? मग चोरी कुठली?" काकूंनी विचारले.

प्रश्न भाबडा वाटतो, पण शाखेत तो वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. म्हणून त्याचे उत्तर इथे जरा सविस्तर देत आहे.

वस्तू परत करणे गुन्हा कधी ठरतो

वस्तू आवडली नाही, माप बसले नाही, खराब निघाली, म्हणून दुकानाच्या नियमात बसेल तशी परत करणे हा ग्राहकाचा सरळ व्यवहार आहे. दहा वेळा परत केली तरी तो गुन्हा होत नाही. फार तर कंपनी तुमचे रिटर्न बंद करील किंवा तुमचे ग्राहक-खाते थांबवील. मुदत उलटून गेल्यावर परत करायला गेलात आणि दुकानदाराने नकार दिला, तर तोही दिवाणी स्वरूपाचा किंवा ग्राहक मंचाचा वाद झाला. त्यात पोलिसांचा संबंध नाही.

गुन्हा होतो तो खोटे सांगून पैसे काढल्यावर. नव्या मोबाइलच्या खोक्यात जुना किंवा बंद फोन भरून परत पाठवणे, वस्तू मिळालेली असताना रिकामे खोके आले असे सांगणे, स्वस्त वस्तूचा किमतीचा कागद महागड्या वस्तूवर डकवणे, दुकानातून उचललेली वस्तू सापडलेल्या बिलावर परत करून रोख घेणे, हे सगळे त्यात येते. बिलच बनावट असेल तर बनावट दस्तऐवजाचे कलम वेगळे लागते.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुने प्रसिद्ध कलम 420 आता कलम 318 मध्ये आहे. फसवणूक करून कोणाकडून मालमत्ता काढून घेतली, तर पोटकलम 4 नुसार सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाची परवानगी न घेता तपास सुरू करू शकतात. तो अजामीनपात्रही आहे. दुसऱ्याच्या नावाने ऑनलाइन वावरून फसवले असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66ड जोडले जाते. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. रक्कम लहान असली म्हणून कलम बदलत नाही. शिक्षा किती द्यायची ते ठरवताना न्यायालय रकमेचा विचार करते, पण गुन्हा दाखल व्हायला सात हजारांचा फोनही पुरतो.

आता काकूंच्या प्रश्नाचे उत्तर. पैसे कंपनीनेच पाठवले हे खरे, पण खोटे सांगितल्यामुळे पाठवले. फसवणुकीच्या गुन्ह्यात समोरचा माणूस आपल्या हातानेच पैसे देत असतो, चोरीपासून त्याचे वेगळेपण तेवढेच आहे. आणि ज्याने जाणूनबुजून आपले खाते त्या कामी दिले, त्याच्यावर कट किंवा समान उद्देश यांची कलमे लागू शकतात. पाचशे रुपये घेतले होते, ही गोष्ट अशा वेळी फार बोलते.

दिल्लीत 2017 साली गाजलेले प्रकरण काहींना आठवत असेल. एकवीस वर्षांच्या तरुणाने एका मोठ्या ऑनलाइन कंपनीकडून दीडशेहून अधिक मोबाइल मागवले, खोके रिकामे आले असे दर वेळी सांगितले आणि रिफंड घेतले. पोलिसांनी हा आकडा सुमारे 50 लाख रुपये सांगितला होता. तरुणाला अटक झाली, आणि त्याला सिमकार्डे पुरवणाऱ्या दुकानदारालाही. दुकानदाराने एकही मोबाइल मागवला नव्हता.

खाते का लागते

रोखीने घेतलेल्या मालाचा, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीचा, रिफंड ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत जाऊ शकत नाही, कारण पैसे रोख दिलेले असतात. त्यामुळे कंपनी ग्राहकाकडून बँक खाते मागते. फसवणूक करणाऱ्याला एकाच खात्यावर वारंवार रिफंड घेतले की पकडले जाण्याची भीती असते. म्हणून त्याला मित्राचे, मावशीचे, भाडेकरूचे खाते हवे असते. कार्डाने किंवा यूपीआयने घेतलेल्या वस्तूचा रिफंड साधारणपणे त्याच कार्डावर किंवा त्याच खात्यात येतो. तेव्हा "माझा रिफंड तुझ्या खात्यात घेतो" असे कोणी म्हटले, तर त्याच्या स्वतःच्या खात्याला काय झाले हे आधी विचारावे. केवायसी अडकली असेल तर ती सोडवायला त्याने त्याच्या बँकेत जावे. त्याला आधार आणि पॅन लागते, मित्राचे खाते लागत नाही.

आमच्याकडे दुसरा एक प्रकार येतो, तो घरातल्या घरात घडतो. वस्तूचा रिफंड दुकानाकडून मिळालेला असतो, आणि त्याच खरेदीची "वस्तू मिळाली नाही" अशी तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडेही केलेली असते. दोन्हीकडून पैसे येतात. कित्येकदा हे घाईत, चुकून होते. चूक लक्षात आल्याबरोबर बँकेला लेखी कळवून एक रक्कम परत केली तर विषय तिथेच मिटतो. गप्प बसून वापरून टाकली तर मात्र कठीण. चुकून हाती आलेली दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे वापरणे हा न्याय संहितेच्या कलम 314 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्याला किमान सहा महिने, कमाल दोन वर्षे कैद आणि दंड आहे.

खाते गोठले म्हणजे काय झाले

तपासातील पोलीस अधिकारी संशयित मालमत्ता ताब्यात घेऊ शकतो. बँक खाते ही अशी मालमत्ता धरता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच ठरवले आहे. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 मध्ये आहे, आणि केलेल्या कारवाईचा अहवाल पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. पत्र आल्यावर शाखेला रक्कम रोखावीच लागते. काउंटरवर आमच्याशी भांडून ती सुटत नाही, हे मी मनापासून सांगते. ओळखीच्या लोकांनाही नाही म्हणावे लागते तेव्हा आम्हालाही बरे वाटत नाही.

मात्र काही गोष्टी आमच्याकडून जरूर मागून घ्या. कोणत्या पोलीस ठाण्याचे पत्र आहे, तक्रारीचा पोचक्रमांक काय, नेमकी किती रक्कम रोखायला सांगितली आहे. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. काही पत्रांत फक्त वादातील रक्कम रोखायला सांगितलेली असते. तसे असेल तर उरलेल्या पैशांवर तुमचा व्यवहार चालू राहिला पाहिजे, आणि तो चालू नसेल तर शाखेला लेखी विचारा. संपूर्ण खाते गोठवले असेल तर तपास अधिकाऱ्याकडे अर्ज करून बंदी वादातील रकमेपुरती मर्यादित करण्याची विनंती करता येते. तिथे दाद लागली नाही तर कलम 503 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशा अनेक खातेदारांच्या याचिकांवर, पोलिसांनी सांगितलेल्या रकमेपुरतीच बंदी ठेवावी असा आदेश बँकांना दिला होता. वकिलाला त्याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

कर्जाचा हप्ता त्या खात्यातून जात असेल तर त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या बँकेला कळवा आणि हप्ता दुसऱ्या मार्गाने भरा. तुमच्यावर एफआयआर झाला हे पतअहवालात दिसत नाही. हप्ता चुकला हे दिसते, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी तेच आडवे येते. गोठलेले खाते कधीतरी मोकळे होईल, पण चुकलेल्या हप्त्याची नोंद बराच काळ राहते.

आणखी एक. पत्र येणार अशी कुणकुण लागताच सगळे पैसे बहिणीच्या किंवा भावाच्या खात्यात वळवू नका. पैशांची पावलेपावले उताऱ्यात दिसतात. मग बहिणीचेही खाते अडकते, आणि तुमचा हेतू काय होता याविषयी तपास अधिकाऱ्याचे मत तिथेच ठरते.

पोलिसांची नोटीस

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अटक का आवश्यक आहे याची कारणे पोलिसांनी नोंदवायची असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात स्पष्ट केले. अटकेची गरज नसेल तिथे सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खाली हजर राहण्याची नोटीस दिली जाते. ठरल्या दिवशी गेलात, सहकार्य केलेत, तर त्या गुन्ह्यासाठी सहसा अटक होत नाही. अटक करायचीच असेल तर कारणे लिहून ठेवावी लागतात. उलट नोटीस मिळूनही टाळलीत, तर तेच अटकेचे कारण होते. नोटीस परराज्यातली असेल आणि प्रवासाची अडचण असेल, तर तारखेच्या आधी लेखी कळवून दुसरी तारीख मागावी आणि त्या पत्राची पोच ठेवावी.

जाण्यापूर्वी वकिलाशी बोला. वकील परवडत नाही असे म्हणून एकटे जाणारे मी पाहिले आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असते, फोन 15100. अटकेची खरी शक्यता दिसत असेल तर अटकपूर्व जामिनासाठी कलम 482 खाली सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जाता येते. एफआयआरची प्रत मिळवा. संवेदनशील गुन्हे सोडून बाकी एफआयआर राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात.

तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करण्याची सक्ती नसते. स्वतःला गुन्ह्यात गोवणारे उत्तर देण्याची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) ने कोणावरच नाही. पण गप्प राहणे वेगळे आणि खोटे रचणे वेगळे. मित्राशी झालेले चॅट पुसून टाकणे ही सर्वांत मोठी चूक. पुरावा नाहीसा करणे हा कलम 238 खाली आणखी एक गुन्हा आहे. शिवाय काकूंच्या मुलासारख्या माणसाला आपण फसलो हे दाखवायला तेच चॅट उपयोगी पडते.

दुकानातच पकडले तर काय, असे कोणी विचारतात. दुकानातील लोक समोर घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात माणसाला धरून ठेवू शकतात, पण विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. मागच्या खोलीत बसवून "दहापट भर आणि माफीनामा लिही" असे सांगायचा त्यांना अधिकार नाही. असा माफीनामा घाबरून लिहून देऊ नये. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात सिद्ध करता येत नाही, पण दुकानाच्या व्यवस्थापकाला लिहून दिलेला कागद पुराव्यात येऊ शकतो.

मग पैसे परत करावेत की नाही? घेतले असतील तर करावेत, पण रोखीने, पावतीशिवाय आणि घाबरून नाही. वकिलामार्फत, बँकेतून. पैसे परत केल्याने खटला आपोआप मिटत नाही. कलम 318(4) चा गुन्हा फसवल्या गेलेल्याच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीनेच तडजोडीत निघतो. तरीही परतफेडीची नोंद जामिनाच्या वेळी आणि तडजोडीच्या वेळी वजन टाकते.

खोटी नोटीसही येते

"तुमच्या नावावर रिटर्न फसवणुकीचा गुन्हा आहे, व्हिडिओ कॉलवर राहा, पडताळणीसाठी खात्यातले पैसे या खात्यात टाका." असा फोन आला तर तो पोलिसांचा नाही. डिजिटल अटक नावाचा प्रकार भारतीय कायद्यात कुठेही नाही. कलम 35 ची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितले आहे. कागदावरील नोटिशीतला गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे आणि अधिकाऱ्याचे नाव पाहावे, आणि त्या ठाण्याचा नंबर स्वतः शोधून खात्री करावी. नोटिशीतच छापलेल्या नंबरवर नको. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते.

खरेच खोके रिकामे आले तर

प्रामाणिक ग्राहकावरही संशय येतो, आणि तेव्हा त्याच्या हातात कागद हवेत. महागडी वस्तू उघडताना पार्सलवरची चिठ्ठी दिसेल असा सलग व्हिडिओ काढा. मोबाइल असेल तर बिलावरचा आयएमईआय क्रमांक आणि फोनवरचा क्रमांक जुळवून पाहा, परत देतानाही तोच दिसेल असा फोटो काढा. नेणाऱ्याकडून पोच घेतल्याशिवाय खोके सोडू नका, आणि ओटीपी वस्तू हातातून दिल्यानंतरच सांगा. कंपनी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. आधी तुम्हीच तक्रार केलेली असणे नंतर फार उपयोगी पडते. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले तर शाखेकडून साधा छापील उतारा नको. बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्ट 1891 खालील प्रमाणित उतारा मागा.

काकूंच्या प्रकरणात पोलिसांच्या पत्रात 61,300 रुपयेच रोखायला सांगितलेले होते, पण आमच्या प्रणालीत सगळे खाते बंद झाले होते. ते दुरुस्त करायला आम्हाला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत किराणा दुकानदाराने त्यांना उधार दिले म्हणून डबे बंद पडले नाहीत. मुलगा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला घेऊन नोटिशीच्या तारखेला त्या राज्यात गेला. फोन आणि चॅट त्याने स्वतःहून दाखवले. मिळालेले साडेतीन हजार रुपये वकिलाच्या सांगण्यावरून बँकेतून परत केले. त्याचे नाव अजून प्रकरणात आहे, बोलावले की जातो. रोखलेली रक्कमही अजून तशीच आहे. काकूंनी आपले यूपीआय त्याच्या फोनवरून काढून स्वतःच्या साध्या फोनवर घेतले आहे, आणि आवर्ती ठेवीचा हप्ता आता दर महिन्याला स्वतः काउंटरवर येऊन भरतात.